मिस्त्रीचा कान

साकोलीला हायवेच्या कडेला आमचं गॅरेज होतं. टिनाचं छप्पर, मागे कुडाच्या दोन खोल्या आणि पुढे गाड्या उभ्या करायला मुरमाचं अंगण. जागा आमची नव्हती. पलीकडे एका शेठची धानाची गिरणी होती, तिच्या आवारातला हा कोपरा. शेठनं माझ्या नवऱ्याला तिथं फुकट बसू दिलं होतं. बदल्यात त्याच्या गाड्या आधी आणि नीट दुरुस्त करायच्या. ही मेहेरबानी तो येताजाता बोलून दाखवायचा, आणि नवरा दात काढून हसायचा.

नवऱ्याला मी इथं 'ते' म्हणणार आहे. ती जिभेची सवय आहे. आदराशी तिचा काही संबंध नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी आले, तेव्हा त्यांचं नाव भंडाऱ्यापर्यंत झालेलं होतं. गाडी न खोलता, नुसत्या आवाजावरून ते रोग सांगायचे. लांब पेचकसाचं टोक गिअरबॉक्सवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. ड्रायव्हर लोक बिडी विझवून गप्प उभे राहायचे. मग डोळे उघडून ते म्हणायचे, "दुसऱ्या गिअरचे दात गेले," नाहीतर "मांगच्या चाकाची बेअरिंग हाये, गिअरबॉक्सले हात लावू नोका." खोललं की तेच निघायचं.

मला घरात वेगळंच दिसत होतं. दूध उतू जाऊन निखाऱ्यावर चरचरलं तरी त्यांची पाठ हलत नसे. मागून हाक मारली तर ओ नाही. तरुणपणी ते गिट्टी फोडायच्या मशीनवर कामाला होते, नंतर सायलेन्सर काढलेल्या इंजिनांत डोकं घालून बसले. कान हळूहळू गेले होते. समोरच्याचे ओठ बघून ते भागवत होते, आणि पेचकस लावून जे काही हाडातून थोडंफार कळायचं तेही आता कळेनासं झालं होतं. हे कोणाला सांगायची सोय नव्हती. मिस्त्रीचा कान गेला असं एकदा हायवेवर पसरलं असतं तर शेठनं दुसऱ्या दिवशी आमची भांडी बाहेर ठेवली असती.

एकदा लाकडं वाहणाऱ्या एका ट्रकचा रोग त्यांनी चुकीचा सांगितला. गिअरबॉक्स उतरवून खोलला, आत सगळं ठणठणीत. ट्रकवाला आईबहिणीवरून शिव्या देत गेला. ते आत आले आणि चुलीवरची उकळती पेज त्यांनी लाथेनं उलटवली. माझ्या पायावर तिचे डाग अजून आहेत. मीही तेव्हा नवीनच होते, तोंड बंद ठेवायचं शिकले नव्हते. त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले, "गाडी उभी असली का आवाज बंद, चालाले लागली का सुरू. चाकाचा आवाज हाये तो. मले चुलीपाशी ऐकू आला, तुमाले कसा नाई आला?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. आता हात उचलतील असं वाटलं. पण ते खाली बसले आणि गडव्यातलं गार पाणी त्यांनी माझ्या भाजलेल्या पायावर ओतलं. मला वाटलं, माणूस मनानं चांगला दिसतो. मी किती मूर्ख होते! त्यांना माझा पाय दिसलाच नव्हता, त्यांना माझा कान सापडला होता.

आवाजाची समज मला माहेरची. माझं माहेर आंबागडच्या पायथ्याशी. वडिलांच्या शेतात विहीर होती आणि विहिरीवर डिझेल इंजिनचा पंप. पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या तोंडाशी जाळीचा फुटबॉल असतो. पाणी उतरून तो उघडा पडला की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि त्याचा आवाज बारीक, किंचाळता होतो. मी दूर धानाच्या बांधावर असले तरी तो ओळखायचे. मी ओरडले की वडील इंजिन बंद करायला धावायचे. त्यांना माझं कौतुक होतं. सासरी आल्यावर ते कौतुक संपलं, कान मात्र कामाला लागले.

आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, मग बोलणं. गाडी घेऊन आलेल्याला पाणी द्यायला घरातली बाई बाहेर आली तर कोणाला नवल वाटत नाही. यावरच त्यांनी सगळं बसवलं. गाडी अंगणात शिरताना, उभी राहताना, ड्रायव्हर रेस देताना मी कुडामागे तांदूळ निवडत ऐकायचं. रोग इंजिनात असेल तर पाणी पितळेच्या गडव्यातून न्यायचं. गिअरबॉक्समध्ये असेल तर स्टीलच्या गिलासातून. मागच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या पेटीत, किंवा चाकात असेल तर जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, लोट्यातून. ते भांड्याकडे एक नजर टाकायचे आणि मग पेचकस घेऊन डोळे मिटायचे. पदर डोक्यावर घेऊन, मान खाली घालून मी परत आत. मागे ड्रायव्हर म्हणायचा, "मिस्त्री, कान हाये का मशीन!"

माझं निदान बरोबर निघालं तर काही नाही. चुकलं तर फॅनबेल्टचा तुकडा खिळ्याला टांगलेला असायचा. चारचौघांत ते मला मुद्दाम हिडीसफिडीस करायचे, "जाय अंदर, बाईमानसाचं काय काम अठी," म्हणजे कोणाला संशय येऊ नये. तो संशय येऊ नये म्हणूनचा ओरडा त्यांना इतका आवडायला लागला की कोणी नसतानाही ते तसेच ओरडायचे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे शेठनं एक परदेशी पिकअप घेतली. कुठल्याशा मोठ्या कामावर आलेल्या गोऱ्या साहेबांची ती गाडी, लिलावात निघालेली. स्टिअरिंग डाव्या बाजूला. पायाखाली दोनच पेडल, क्लच नाहीच. गिअरचा दांडा एकदा पाडला की पुढं गाडी आपली आपण गिअर बदलायची. शेठ त्या गाडीत धानाची पोती कधी टाकू देत नसे. स्वतः पुढं बसून भंडाऱ्याला जायचा आणि तिथं चौकात मुद्दाम थांबवून लोकांना दाखवायचा.

त्या गाडीला आवाज सुरू झाला. बरेच दिवस ती गिरणीच्या दारात कण्हत होती. मग दांडा पाडल्यावर जरा वेळ जागेवरच थांबायची आणि धक्का देऊन निघायची. शेवटी एका दुपारी शेठ, त्याचा ड्रायव्हर आणि गिरणीतली हमाल मंडळी गाडीसोबत आमच्या अंगणात आली. अशी गाडी खोलताना बघायची सगळ्यांनाच हौस होती.

शेठ खाटेवर बसला. "मिस्त्री, आवाज गेला पायजे. अन् एक ध्यानात ठेव. हे गाडी बिघडवली तं सामान उचलाचं अन् जागा खाली कराची."

ते हसले. त्यांना शेठचे ओठ नीट दिसले होते.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, गिअरबॉक्सचं तेल मोजायची लांब पट्टी ओढून फडक्यानं पुसली, परत घालून काढली आणि सगळ्यांना दाखवली. खुणेपर्यंत तेल. "तेल फुल हाये शेठजी. अंदरचे दात गेले असन." आमच्याकडचा प्रत्येक ड्रायव्हर हेच शिकलेला आहे. इंजिन बंद करायचं, तेल खाली उतरू द्यायचं, मग मोजायचं. चालू इंजिनात कोणी तेल बघितलं तर त्याला लोक वेड्यात काढतील. हमालांनीही माना डोलावल्या.

मग ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं आणि मी कुडामागे ऐकायला लागले. आवाज येत होता गिअरबॉक्सच्याच जागेतून. पण गाडी जागची हलत नव्हती आणि तरी तो रेसबरोबर चढत होता, उतरत होता. दात झिजले असते तर दातांचा आवाज आला असता, कडकड किंवा घरघर. हा आवाज बारीक होता, लांब होता, किंचाळता होता. हा माझ्या वडिलांच्या पंपाचा आवाज होता. आत काहीतरी तेल ओढणारं होतं आणि ते हवा ओढत होतं.

आता पाणी कशातून न्यायचं? गडवा म्हणजे इंजिन, गिलास म्हणजे गिअरबॉक्स, लोटा म्हणजे मागचं चाक. 'खोलू नका, तेल टाका' असं सांगायला आमच्या फळीवर भांडंच नव्हतं. मी गडवा नेला, निदान ते गिअरबॉक्स सोडतील म्हणून. त्यांचा हात गिअरबॉक्सवर होता आणि सगळे तिकडेच बोट दाखवत होते. त्यांनी गडव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कपाळाला आठी पडली. "हे पानी गरम हाये. दुसरं आन."

मी आत गेले आणि परत गडवाच घेऊन आले.

त्यांनी तो शेठच्या हातात दिला, माझ्याकडे पाठ केली आणि पेचकस उचलून डोळे मिटले. ढोंग तर ढोंग, पण ऐटीत. डोळे उघडून म्हणाले, "गिअरबॉक्सच हाये. अंदरचे दात गेले. उतरवून खोला लागते." आणि पाने घेऊन गाडीखाली सरपटत शिरले.

अशा गाडीचा गिअरबॉक्स त्यांनी जन्मात बघितला नव्हता. खोलला असता तर परत जोडता आला नसता, आणि मग शेठनं बोलल्याप्रमाणे केलं असतं. मी गाडीपाशी वाकून म्हणाले, "आवो, खोलू नोका." पाना फिरतच राहिला. त्यांना कसं ऐकू जाणार? त्यांना सांगायचं तर तोंड दिसायला हवं, आणि तोंड दाखवायला त्यांच्याशेजारी गाडीखाली झोपायला हवं. तेवढ्यात मला मुरमावरचे ताजे लाल डाग दिसले. गाडीखाली थेंब थेंब पडत होता. गिरणीच्या दारातही असेच डाग पडत असणार, पण तिथं हमाल दिवसभर पान खाऊन थुंकतात, कोण बघतंय? मी बोट बुडवलं. ती पिंक नव्हती. पातळ, चिकट तेल होतं, जळका वास येणारं.

पदर दातात धरून मी शेठपुढे उभी राहिले. परक्या पुरुषाशी तोंड वर करून बोलायची माझी ती पहिलीच वेळ.

"शेठजी, खोलू देऊ नोका. दात नाई गेले. अंदर तेल कमी हाये, मशीन हवा ओढून राहिली. हे पाहा, लाल तेल गळते."

ड्रायव्हर खो खो हसला. "बाई, पट्टी पाहिली नं आत्ताच! फुल हाये."

"बंद गाडीत पाहिली. इहिरीचा पंप बंद असला तं पानी वर चढते, फुटबॉल बुडालेला दिसते. पंप सुरू केला का पानी उतरते अन् फुटबॉल उघडा पडते. चालू गाडीत पाहा."

शेठला गंमत वाटली. "पाह्य रे," तो ड्रायव्हरला म्हणाला, "बाई म्हनते तं पाह्य." ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलं आणि मला खोटं पाडायला मोठ्या थाटात पट्टी ओढली. पट्टीचं टोक नुसतं ओलं होतं. हमाल पुढं सरकून बघायला लागले.

लिलावात गाडीबरोबर त्या लाल तेलाचे बंद डबे आले होते, गाडीतच पडलेले. ड्रायव्हरनं पट्टीच्या नळीत पातळ नरसाळं बसवलं आणि ओतायला लागला. किंचाळणं हळूहळू खाली आलं, गुरगुर झाली, मग तीही गेली. एका हमालानं पाय ओढून त्यांना गाडीखालून बाहेर काढलं, मग ड्रायव्हरनं दांडा पाडला आणि गाडीनं धक्का न देता पाय उचलला. कुठल्याही गाडीची माझ्या दोन्ही कानांनी ऐकलेली शेवटची गोष्ट म्हणजे हे गप्प होणं.

ते अंग झाडत उठले. शेठ मांडीवर थाप मारून हसत होता. "अरे मिस्त्री, तुहा कान तं पदर घेऊन चुलीपाशी बसते!" सगळे हसले. त्यांना ते हसणं ऐकू आलं नाही, पण दिसलं. एवढे दात एकदम उघडलेले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि काय झालं ते त्यांना कळलं.

तळहात उघडा ठेवून त्यांनी मारलं, डाव्या कानावर. मी गाडीच्या चाकावर जाऊन पडले. कानातून काहीतरी गरम मानेवर उतरलं.

"बाईले कायले मारतेस बे," शेठ म्हणाला. "गळती बंद कर अगोदर." आणि त्यानं गडव्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

जागा वाचली. त्याच दुपारी त्यांनी गिअरबॉक्सचं खालचं तेलाचं चेंबर उतरवलं, फाटलेलं पॅकिंग काढून बुचाच्या पातळ शीटमधून नवीन कापलं आणि बसवलं. ते काम त्यांनी अगदी सुबक केलं. मी आत पडून होते. शेजारणीनं कोमट तेल घातलं, त्यानं कान आणखी चिघळला. दवाखान्यात नेतील म्हणून मी वाट बघितली. ते फक्त एकदा दारात येऊन विचारून गेले, "कवा उठतेस? गाड्या येऊन राहिल्या."

उठले तेव्हा डावा कान गेलेला होता. उजवा शाबूत होता.

पहिली गाडी आली, एक जीप. मागच्या हाउसिंगमध्ये घरघर होती, लहान पोरालाही कळली असती. त्यांनी कुडाकडे बघून डोळ्यांनी खूण केली. मी रिकाम्या हातानं दारात आले, आधी डाव्या कानाला हात लावला, मग उजव्या, आणि मान हलवली. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मला आत पळावं लागलं. लग्नानंतर मी तितकी खूश कधीच झाले नव्हते.

त्यांचा विश्वास बसला नाही. मग माझी परीक्षा सुरू झाली. माझ्या मागे टिनावर पाना आपटायचे. कानाजवळ थाळी वाजवायचे. त्यांना स्वतःला तो दणका ऐकू यायचा नाही, म्हणून ते माझे खांदे निरखून बघायचे, दचकतात का. मी तांदळातला खडा शोधत राहायचे. एकदा मी पाठमोरी बसलेली असताना मागून म्हणाले, "तुही माय मेली. आंबागडवरून निरोप आला."

माझ्या बोटांत सूप होतं. मी पाखडत राहिले. रडायचं नव्हतं, वळायचं नव्हतं, विचारायचंही नव्हतं, कारण मी ऐकलंच नव्हतं. बाजाराच्या दिवशी माहेरचा एक माणूस भेटला तेव्हा कळलं, आई धडधाकट होती, शेतात धानाचे परे, म्हणजे रोपं, लावत होती. तोपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मी लिहिणार नाही. त्या दिवसांत माझ्या मनात त्यांच्याबद्दल जे काही शिल्लक होतं ते संपलं. नंतर मला त्यांची कीवसुद्धा आली नाही.

पुढं सगळं भराभर घसरलं. चाकाच्या आवाजाला त्यांनी गिअरबॉक्स खोलले, गिअरच्या आवाजाला इंजिन. पेचकस तसाच लावायचे, डोळे तसेच मिटायचे, आणि वाट्टेल ते सांगायचे. ड्रायव्हर हसायचे, मग येईनासे झाले. शेठनं एक दिवस नागपूरहून आलेल्या दुसऱ्या मिस्त्रीला तिथं आणून उभं केलं. आमचं सामान हमालांनीच उचललं. मी मात्र गडवा, गिलास आणि लोटा स्वतः पदरात बांधून नेला.

बस स्टँडपलीकडे आम्ही एक खोली घेतली. मी बिड्या वळायला लागले. तेंदूची पानं कापताना कोणाला कान लागत नाही. ते खोलीसमोरच, रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली पाण्याचा टब घेऊन पंक्चर काढायला बसले. ट्यूब पाण्यात दाबायची, बुडबुडा दिसला की भोक सापडलं. बहिऱ्या माणसानंही करावं असं ते काम आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर केव्हातरी ती पिकअप परत आमच्या दारात आली. शेठनं ती कधीच विकली होती. आता तिच्यात भाजीच्या पाट्या होत्या आणि ड्रायव्हर नवीन पोरगेला. टायरमध्ये हवा भरायला थांबला होता. इंजिन चालूच होतं, आणि गाडी किंचाळत होती. तोच आवाज, पंपाचा. मी दारात पानं भिजवत बसले होते, उजव्या कानानं सगळं स्वच्छ ऐकत होते.

ड्रायव्हर त्यांच्या तोंडासमोर वाकून म्हणाला, "काका, तुमी मोठे मिस्त्री होते म्हनतेत. हा आवाज कायचा हाये? साऱ्याहीनं हात टेकले. सांगसान तं पुरी गाडी तुमच्याच हातात देतो."

त्यांनी हात पुसले, खाली वाकून तळवा गिअरबॉक्सवर ठेवला. मग उठून माझ्याजवळ आले. ते म्हातारे दिसायला लागले होते. हळू आवाजात, अगदी तोंडाजवळ तोंड आणून म्हणाले, "तुले ऐकू येते. मले कवाचं मालूम हाये. एक डाव सांग. फक्त एक डाव."

मी त्यांच्या ओठांकडे बघितलं, त्यांच्यासारखंच, कपाळाला आठ्या घालून. "काय म्हनता? जोरानं बोला."

त्यांचे डोळे भरून आले. माझे नाही आले. ते मागं सरकले आणि ड्रायव्हरकडे हात करून मला म्हणाले, "पाव्हन्याले पानी तं आन."

आत फळीवर गडवा, गिलास आणि लोटा होते. दर आठवड्याला मी ते चिंचेनं घासत असे. गडवा पितळेचा, लखलखीत. मी त्याच्याकडे बघितलं. मग खाली वाकून न्हाणीतला प्लॅस्टिकचा हिरवा मग उचलला, धुतला, त्यात पाणी भरलं आणि बाहेर नेऊन दिला.

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. ड्रायव्हरला दिला नाही. दोन्ही हातांत धरून इकडून फिरवला, तिकडून फिरवला, त्याच्या बुडाकडेही बघितलं. शेवटी तो ड्रायव्हरपुढे धरून खाली बघत म्हणाले, "मी पंक्चर काढतो बाबू. फक्त पंक्चर."